हट्टी एसेनकुल

कुरणावरच्या तंबूत लोकरीचा नमदा शिवता शिवता सैराकान म्हातारी सुनेला गोष्ट सांगत होती. गोष्टीतला एसेनकुल महा हट्टी अन् त्याहून हावरा. सात डोंगरांपलीकडून त्याला तळलेल्या बोरसोकांचा, कणकेच्या फुगीर गोळ्यांचा, वास आला, अन् निघाला की गडी!

"मग त्यानं दार वाजवलं," म्हातारी म्हणाली.

तंबूचं लाकडी दार वाजलं.

सून नुरझामालनं बोरसोकांची परात पोटाशी धरली. "आई, संध्याकाळी व्याही यायचेत! त्याला परत पाठवा."

"पाठवते की. एसेनकुल मागं फिरला—"

खडीवर पावलं करकरत लांब गेली. मग थांबली.

"थांबला का हो?"

"हट्टी आहे मेला."

"तुम्हीच केलात ना हट्टी! आता तुमचं कशाला ऐकतोय!"

म्हातारी घाईघाईनं म्हणाली, "मग तो कड्यावरून पडला अन् मेला. संपली गोष्ट!"

बाहेर सगळं शांत झालं. नुरझामालनं सुस्कारा सोडला, मांडीवरच्या परातीचं फडकं उचललं. आत एकही बोरसोक नव्हता.

तेवढ्यात म्हातारीच्या शेजारून कुणीतरी भरल्या तोंडानं म्हणालं, "मी नाही पडलो. नीट सांग."