टोपलीखालचं पीठ

स्नेहलने जीव दिला, त्याच्या दहाव्या दिवशी संध्याकाळी आईने तिच्या झोपायच्या जागी पीठ पसरले, शेजारी दिवा लावला आणि वर टोपली पालथी घातली. गेलेले माणूस पुढे ज्या जन्माला जाते, त्याचे पाऊल सकाळी पिठावर उमटते, असे आमच्याकडे मानतात. माझी बहीण सोळा वर्षांची होती.

सकाळी सुप्याची रुपाली मामी मोबाईल सरसावून सगळ्यांच्या पुढे बसली. स्नेहलच्या रीलखाली ‘काळी म्हैस’ लिहिणाऱ्यांत तिचा मुलगा करण होता. आता त्याच्या स्टेटसला स्नेहलचा फोटो होता, गोरा केलेला. मेल्यावर ती त्याच्या पसंतीला उतरली होती.

“आत्या, स्टेटसला गाणं कोणतं लावू?” त्याने विचारले.

आईने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “चिमनीचं पाऊल निघू दे, न्हाईतर वासराचं. सुटली एवढं कळू दे,” म्हणत तिने टोपली उचलली.

पाऊल नव्हते. पिठावर अंगठ्याएवढ्या रुंद रेघा होत्या, वरून खाली ओढलेल्या, एकीवर एक, शेकडो. शेवटच्या आठवड्यात स्नेहल मोबाईलच्या काचेवर असाच अंगठा ओढत राहायची, नवी कॉमेंट आली का ते बघायला.

“उंदीर आसंल,” मामी म्हणाली. शूटिंग मात्र तिने थांबवले नाही.

आईने तळहाताने पीठ सपाट केले. “बास कर, पोरी. नको बघू आता.”

करणचा मोबाईल वाजला. स्टेटसला कुणीतरी लाल बदाम पाठवला होता.

आमच्या डोळ्यांदेखत सपाट पिठावर एक रेघ उमटू लागली, वरून खाली, सावकाश.