मागची सीट

"एका जरी वळणावर चुकली, तं उद्यापासून एसटीनं जाजो," मोटरसायकलवर मागे बसता बसता शेषरावांनी लेकीला बजावलं. सुचिताला बुलढाण्यात नोकरी लागली होती आणि मोताळ्याहून रोज राजूर घाट चढायचा होता. शेषरावांची सारी हयात याच घाटातून एसटी नेण्यात गेलेली. त्यांच्या हाताखाली पास होणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

घाट लागला तसा त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "हारन दे. गेअर उतरव. कडंले नको जाऊ." मागे बसूनही ते उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होते.

पुढचं काहीच दिसेना अशा एका वळणावर मात्र त्यांनी तोंड उघडायच्या आत सुचितानं हॉर्न दिला, वेग कमी केला आणि गाडी आपल्या बाजूला धरून ठेवली. समोरून भरलेला ट्रक आला आणि सुखरूप निघून गेला. त्यानंतर शेषराव एक अक्षर बोलले नाहीत.

सुचिता मनात म्हणाली, नापासच केलं वाटतं! घाटमाथ्यावर तिनं गाडी बाजूला घेऊन हेल्मेट काढलं.

"काय चुकलं, बाबा?"

"काई नाई. संध्याकाळी उतरतानी फक्त अजून हळू घेजो."

"म्हणजे आता जोरात आणली काय मी?"

शेषराव खाली दरीतल्या हिरव्यागार सीताफळीकडे पाहत होते.

"नाई वं माय. जलमभर मी इथली सडकच पाह्यली. घाट आज पह्यल्यांदा पाहून राह्यलो."