झोपलेलं गवत

माझा नातू धनराज मनालीत तरुण पोरांना बर्फावरची गाडी चालवायला शिकवतो. परवा त्याचा व्हिडिओ दाखवायला सुनेची आई, लताबाई, सिन्नरहून नाशिकला माझ्याकडे धावत आल्या. त्यात तो सांगत होता, "पातळ बर्फावर गाडी घालू नका, खाली गवत झोपलंय. माझी आजी म्हणते, झोपलेल्याला तुडवू नये."

"माझंच वाक्य हो, विहीणबाई! लेकरू विसरलं नाही," लताबाई म्हणाल्या.

"विसरेल कसं? रोज फोनवर आठवण करून देता ना."

लहानाचा मोठा केला मी, आणि आजी म्हणे ह्या! त्यांच्या चहात मी साखर मुद्दाम कमी घातली.

व्हिडिओ अजून चालूच होता. पोरं फिदीफिदी हसत होती. एकानं विचारलं, "सर, आणि घातलीच गाडी तर?"

"तर किल्ली माझ्याकडे आणि महिनाभर पायी. नाशिकच्या आजीच्या मेथीच्या वाफ्यात मी सायकल घातली होती, तेव्हा तिनं हेच केलं."

पोरांचं हसू थांबलं. सगळ्यांनी मुकाट्यानं गाड्या मागे वळवल्या.



मी उठले आणि लताबाईंच्या चहात आणखी दोन चमचे साखर घातली.