अर्धं नाव

“आठ दिवस तुम्ही नुसतं बघायचं, मनकर्णाबाई. बाबांना ही फलक भरवील,” मॅडम म्हणाल्या, आणि मनकर्णाच्या हातातली पेजेची वाटी काढून त्यांनी नव्यानं कामाला लागलेल्या पोरीच्या हातात दिली.

नऊ वर्षं ती वाटी मनकर्णाच्या हातात होती. भिंगारच्या त्या वृद्धाश्रमात सहादेवबाबा दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत, हे स्वयंपाकघरापासून ऑफिसापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एखाद्याला ठाऊक नसेल, तर मनकर्णा स्वतः जाऊन सांगायची. आणि आज गल्लीतल्या मुबारकबीची ही काल-परवाची पोरगी, सहा महिन्यांचा कोर्स करून, छातीवर नावाचा बिल्ला लावून तिच्या स्टुलावर बसली होती. सर्टिफिकेट तर मॅडमनी काचेत घालून देवाच्या तसबिरीशेजारी टांगलं होतं. देवाला सुद्धा थोडं सरकावं लागलं होतं.

मॅडम गेल्या. फलकनं विचारलं, “मावशी, यांना उठवून बसवू?”

“बसव की. तुझंच राज्य हाय आता.”

फलकनं पाठीशी उशा लावून बाबांना ताठ बसवलं. नेहमीचा मोठा चमचा बाजूला ठेवून चहाचा चमचा घेतला, तोही अर्धाच भरला.

“औषध पाजतीस का जेवू घालतीस?” मनकर्णा भिंतीला टेकून म्हणाली.

फलक हसली. चमचा बाबांच्या ओठाशी नेला आणि थांबली. देवा, यांनी तोंड उघडू नये, असं मनकर्णानं मनातल्या मनात मागितलं. मागून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. म्हातारं माणूस, सकाळपासून उपाशी.

पण देवानं ऐकलं होतं. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांची नजर फलकच्या खांद्यावरून भिंतीकडे गेली, मनकर्णाला शोधत. मनकर्णाच्या पोटात गुळाचा खडा विरघळला. पेजेवर साय धरली. फलकनं दुसऱ्यांदा चमचा नेला, तिसऱ्यांदा नेला.

“मावशी, तुम्ही कसं करता?”

“त्याला कोर्स लागत न्हाई,” म्हणत मनकर्णानं वाटी ओढूनच घेतली.

बाबा एके काळचे टाळकरी. चाळीस वर्षं कीर्तनकारांच्या मागं उभे राहिलेले. पुढच्यानं अर्धं नाव टाकलं की उरलेलं उचलायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. अर्धांगवायूनं बाकीचे सगळे शब्द नेले, पण तेवढं राहिलं. ही युक्ती मनकर्णाची एकटीची. तिनं बाबांचं डोकं मागं उशीवर टेकवलं, मोठा चमचा भरला आणि गोड आवाजात म्हणाली, “रामकृष्ण…”

“ह…” बाबांनी तोंड उघडलं, आणि मनकर्णानं चमचा आत सारला.

“बघ!” तिनं विजयानं मान वळवली.

तेवढ्यात बाबांना ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं. फलक झेपावलीच. बाबांना पुढं वाकवून तिनं त्यांना खोकू दिलं, छातीशी एक हात धरून, खोकला पुरता निवेपर्यंत.

“त्यांला तसं रोजच हुतं,” मनकर्णा म्हणाली. “म्हातारपण हाय.”

“रोज?” फलकचा आवाज चढला नाही, आणि तेच मनकर्णाला जास्त लागलं. “मावशी, ‘ह’ म्हणताना श्वासाची वाट उघडी असते. त्यातनं पेज छातीत उतरते. यंदा दोनदा न्यूमोनिया झाला ना यांना?”

दोन्ही वेळा मनकर्णा दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसली होती. दोन्ही वेळा तिनं उपास धरला होता. तिनं वाटीकडं बघितलं. मग ती फलकच्या हातात परत दिली आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

फलकनं बाबांना ताठ बसवलं, तोंड पुसलं. अर्धा चमचा भरून खालीच धरला.

“आता म्हणा.”

“मी कशाला? तू भरवतीस न्हवं.”

“माझ्या तोंडून ते उचलणार नाहीत, मावशी. म्हणा. फक्त नाव पुरं होऊ द्या.”

मनकर्णा भिंतीपासूनच म्हणाली, “रामकृष्ण…”

“ह…” बाबा सवयीनं थांबले. चमचा आला नाही. त्यांनी जरा वाट बघितली, आणि मग आतून कुठून तरी ओढून आणावी तशी, “…री.”

नऊ वर्षं ही ‘री’ रोज पेजेखाली गेली होती. मनकर्णा आज ती पहिल्यांदा ऐकत होती.

बाबांनी तोंड उघडलं. फलकनं घास दिला, त्यांची हनुवटी जरा खाली केली आणि गळ्याकडं बघत राहिली. घास उतरला.

“परत एकदा म्हणा. आवाज स्वच्छ आला की घास नीट उतरला समजायचं.”

“रामकृष्ण…”

“हरी.” स्वच्छ. टाळावर टाळ पडावा तसा.

पण बाबा आता फलकच्या हाताकडं बघत होते. मनकर्णाला ते दिसलं, आणि काळजात पुन्हा काटा रुतला.

निम्मी वाटी झाली तेव्हा फलक म्हणाली, “हे मला म्हणायला शिकवाल, मावशी? अगदी तुमच्या चालीत. तुमच्या सुट्टीच्या दिवशी लागेल.”

“मी सुट्टी घेत न्हाई,” मनकर्णा म्हणाली, आणि चहाच्या चमच्यासाठी तिनं हात पुढं केला.