वीतभर

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारी अवलाद!" क्लबातली विमानं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी मास्तरांच्या कपाटाचं दार असं आपटलं, की बिजागरी निखळायचीच बाकी राहिली. "नाव लिहायची छाती नाही आणि निघाला चुगली करायला. सापडू दे मला एकदा!"

पाकोळी खाली मान घालून खोक्यात सामान भरत होती. मास्तरांचा हेडफोन, थर्मास, दोन जुने चष्मे, नोंदींच्या बारा वह्या. काकांच्या प्रत्येक शिवीला तिचे कान तापत होते. चुगली तिनेच केली होती.

अठ्ठावीस वर्षं मास्तर या क्लबात विमान चालवायला शिकवत होते. परवा क्लबच्या ऑफिसात एक निनावी कागद आला. विमान उतरवताना मास्तरांची एकदा झालेली चूक त्यात लिहिली होती; त्यांना जमिनीचा अंदाज येत नाही, त्यांचे डोळे तपासा, असंही होतं. काल डॉक्टरांनी तपासले. उजवा डोळा जवळजवळ गेलेला निघाला. आज मास्तरांचं लायसन रद्द झालं आणि कपाट रिकामं करायची वेळ आली.

पाकोळी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पहिल्या दिवशी ती सीटवर दोन उशा घेऊन बसली होती, तरी बाईसाहेबांना समोरचं दिसेना. "मला एकटीने समुद्र ओलांडायचाय," असं ती म्हणाली तेव्हा अख्खा क्लब फिदीफिदी हसला. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "मग आधी काच पुसायला शीक." चार वर्षं त्यांनी तिला घासूनपुसून तयार केलं. आता येत्या शनिवारी ती निघणार होती. अकरा तास, एकच इंजिन, खाली नुसतं पाणी. वारा आठवडाभरच तिच्या बाजूने होता, मग थेट पुढच्या वर्षी.

तीन आठवड्यांपूर्वी तिची शेवटची परीक्षा झाली. परीक्षक मास्तरच. सगळं झकास झालं आणि मग मास्तर म्हणाले, "हात शिवशिवतायत गं. एकदा मी उतरवतो." जमीन अजून दोन माणसांच्या उंचीइतकी खाली होती, आणि त्यांनी विमान सपाट करून इंजिनाचा जोर काढून घेतला. त्यांना वाटलं, पोचलो. विमान धाडकन खाली यायला लागलं. पाकोळीने दांडा हिसकावला, इंजिनाला जोर दिला आणि कसंबसं टेकवलं. "डुलकी लागली वाटतं," मास्तर हसून म्हणाले. मग त्यांनी तिच्या वहीत 'उत्तीर्ण' लिहून सही केली.

पाकोळी गप्प बसली. गेल्या आठवड्यात नवी तुकडी आली. त्यातली एक हडकुळी पोरगी उशी काखेत मारून मास्तरांच्या विमानाकडे निघालेली दिसली. पाकोळीने कागद लिहिला.

काका टेम्पो बघायला बाहेर गेले. मास्तर स्टुलावर बसून होते. पाकोळी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"राहू दे." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "ऑफिसने नक्कल दिलीय. आधी वारा, मग उंची, मग वेग, मग चूक. बाकी सगळे गाढव चुकीपासून सुरुवात करतात. बोंबलून बोंबलून माझा घसा बसला. या क्रमाने लिहायला एकच कार्टी शिकली."

पाकोळीला रडू फुटलं. "मी तुमचा घात केला, मास्तर."

"घात कसला! डोळा गेलाय हे मला वर्षभर माहीत होतं. तुला पार लावू आणि मग थांबू, असं म्हणत राहिलो. नाव तुझं, हाव माझी. लाज मला वाटायला हवी, आणि वाटतेय." त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला. "रिपोर्ट उत्तम आहे. फक्त दोन गोष्टी राहिल्यात. तारीख आणि सही."

पाकोळीचं रडणं जागच्या जागी थांबलं.

नाव लिहिलं नाही ते भीतीने, असं काकांना वाटत होतं. भीती होतीच, पण मास्तरांची नव्हती. नाव लिहिलं असतं तर ऑफिसने तारीखही विचारली असती, आणि ती परीक्षेच्या दिवसाची निघाली असती. ज्याला जमीन दिसत नाही त्याने घेतलेली परीक्षा बाद. नवा परीक्षक बाहेरून यायला दोन महिने, तोवर वारा गेलेला. तिने मास्तरांचं लायसन घालवलं होतं आणि स्वतःचा शनिवार अलगद बाजूला काढून ठेवला होता. तीन दिवस ती स्वतःला सांगत होती, की नाव लिहिलं नाही ते मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून.

"वर्ष जाईल, मास्तर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"जाईल."

"पुढच्या वर्षी शिकवायला तुम्ही नसाल."

"कुंपणाशी उभा राहून शिव्या घालीन. त्याला लायसन लागत नाही."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मास्तर हलले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. पेन तिच्या हातापासून वीतभर अलीकडेच थांबलं. त्यांना वाटलं, पोचलं.

पाकोळी वीतभर पुढे सरकली.