मधून दाबायचं झाकण

देवरावनं वर्षभरात कॅमेऱ्याच्या लेन्सची चार झाकणं हरपवून टाकली होती. म्हणून पुतणीच्या साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो त्यानंच काढायचे असं ठरलं, तेव्हा बायकोनं, प्रेमिलानं, दमच दिला, "आता पाचवं हरपलं ना जी, तर घरात येऊच नका."

सीताबर्डीच्या दुकानात त्यानं तासभर दुकानदाराचं डोकं खाल्लं. बाजूनं दाबायचं नको, ते ढिलं होते. दोरीवालं नको, ते बकरीच्या घंटीवानी लटकते. शेवटी मधून दाबायचं, टणक स्प्रिंगचं झाकण घेतलं अन् दोघं नवराबायको तिथूनच कामठीच्या ऑटोत बसले. रस्ताभर देवरावचं प्रवचन सुरू. गळ्यातला कॅमेरा काढून मांडीवर घेतला अन् शेजारच्या अनोळखी काकांनाही त्यानं झाकण दाबून पाहायला लावलं. "पाहा न काका, एका हातानं निघते, एका हातानं लागते. लेन्सले पकडलं का सोडतच नाही!" काका बिचारे इंदोरा चौकापासून मान हलवून राहिले होते.

कामठीला उतरल्या उतरल्या प्रेमिलानं विचारलं, "झाकण हाय ना?"

देवरावनं खिशातून झाकण काढलं अन् तिच्या नाकासमोर धरलं. "हे पाय वं, जपून खिशातच ठेवलं! मले काय येडा समजून राहिली का?"

प्रेमिलानं त्याच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं, मग वळणावर दिसेनाशा होणाऱ्या ऑटोकडे.



"शाबास! आता पोरीच्या साक्षगंधाचे फोटो ह्या झाकणानंच काढजा."