नाव, वय, गाव

"माझं नाव काढ त्यातून. आत्ताच्या आत्ता काढ," कोरीन म्हणाली. कोटाचं बटणही न सोडता तिने बॅग डेलियाच्या टेबलाशेजारी ठेवली. चाकांची, टम्म फुगलेली बॅग. बाई गाव सोडूनच निघाली होती.

कॉलेजच्या तळघरातलं हे विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचं ऑफिस. रविवारची सकाळ. मंगळवारी न्यू हॅम्पशरची प्रायमरी, पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाला कुणाला उभं करायचं त्याचं मतदान. बाकीची पोरं सभांना पळाली होती. आत डेलिया फोर्नियर होती आणि संपादक विन प्रुइट. विन एकवीस वर्षांचा, पण मिजास साठीची.

शुक्रवारी हॅन्सन मिल्स गावच्या अग्निशमन केंद्रात उमेदवारी मागणाऱ्या सिनेटरबाईंची सभा झाली, तिथे कोरीन उठली होती. मार खाणाऱ्या बायकांसाठी एक आश्रयघर होतं, तेही बंद केलंत, आता आम्ही जायचं कुठे, असं तिने विचारलं. सिनेटरबाईंना शब्द फुटेना. बाहेर बर्फात डेलियाने तिला गाठलं. नाव, वय, गाव? या पोरांना पहिल्या वर्षापासून हेच घोकवतात. हे तीन नसेल तर त्या माणसाचं बोलणं छापायचं नाही. कोरीन रडत होती. रडता रडता सांगून बसली. आणि आमच्या या हुशार मुलीने स्पेलिंगसुद्धा विचारून घेतलं!

"नवरा ओहायोत आहे माझा," कोरीन म्हणाली. "दोन वर्षांत तीन गावं बदलली मी. विजेचं बिलसुद्धा घरमालकिणीच्या नावावर. मागच्या वेळी त्याने मला शोधलं ते चर्चच्या पत्रकातल्या एका ओळीवरून." तिने हातमोजा काढला. दोन बोटं वाकडी होती, ती सरळच होत नव्हती. "हे तेव्हाचं. पुढच्या वेळी बोटांवर थांबणार नाही तो."

डेलियाने वेबसाइटवरची बातमी उघडली. दोन दिवसांत जेमतेम चारशे लोकांनी वाचली होती. अजून वेळ गेली नव्हती.

विन खुर्ची सरकवून आला. "छापलेलं काढायचं नाही, डेलिया. आज हिचं काढलं की उद्या महापौर येईल, माझंही काढा म्हणून."

"महापौर गेला खड्ड्यात! हिची बोटं बघ ना जरा."

विनने बोटं पाहिली. मग चष्मा काढून शर्टाला पुसत बसला. वाईट नव्हता हो तो पोरगा. "बरं, काढ," तो म्हणाला. "पण नियमाने काढ."

त्यांचा नियम सगळ्यांना पाठ. बातमीत काही बदललं की खाली तिरप्या अक्षरांत कबुली द्यायची: आधी काय होतं, आता काय केलं, का केलं. वाचकापासून लपवाछपवी नाही. त्यासाठी राज्याचं बक्षीसही मिळालं होतं त्यांना, भिंतीवर टांगलेलं. मागच्या महिन्यात डेलिया अशी टीप लिहायला विसरली, तेव्हा विनने तिला सगळ्यांदेखत झापलं होतं.

डेलियाने नाव काढलं. वय काढलं. गाव काढलं. राहिली फक्त 'एक वेट्रेस'. कोरीनने पडद्याला नाक लावून दोनदा वाचलं आणि मग कोटाची बटणं सोडली. "कुठे जाणार होते मी तरी," ती म्हणाली. "या थंडीत."

"कुठे जायचं नाही," डेलिया म्हणाली. "मी सोडते तुम्हाला घरी."

कोरीन ज्या डायनरमध्ये, म्हणजे छोट्या हॉटेलात, कामाला होती, त्याच्या वरच्याच खोलीत राहायची. डेलियाने बॅग जिना चढवली. कोरीनने तीन स्वेटर काढून पुन्हा कपाटात ठेवले, तेव्हा डेलियाला रडूच आलं. मग कोरीन ॲप्रन बांधून खाली आली. डायनर प्रचारवाल्यांनी गच्च भरलं होतं. तिने डेलियापुढे पॅनकेकची थप्पी ठेवली, वर मेपलचा पाक ओतला. "खा पोरी. आज माझ्याकडून."

काउंटरवरच्या टीव्हीवर निवेदिका बोलू लागली. सिनेटरबाईंना निरुत्तर करणारी वेट्रेस, म्हणाली. ओळख जाहीर नाही. कोरीनने कॉफीचं भांडं हातात धरून ऐकलं आणि डेलियाकडे बघून डोळा मारला. सगळा देश आता तिचा प्रश्न ऐकत होता, आणि तिला कुणी ओळखत नव्हतं. डेलियाला वाटलं, आयुष्यात आपल्या हातून एक तरी काम धड झालं.

तेवढ्यात विनचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगं, टीव्ही लाव! त्या चॅनेलने आपली बातमी उचललीय, आपलं पानच दाखवतायत! आणि तू पुन्हा टीप विसरलीस, बावळट. नशीब समज, मी बघितलं. लिहून टाकली मी."

डेलियाने मान वर केली. पडद्यावर त्यांचं पान हळूहळू वर सरकत होतं. कोरीनही बघत होती. बातमी संपली. खाली तिरपी अक्षरं आली, आणि चॅनेलने ती वाचता यावीत म्हणून मोठी केली.

'दुरुस्ती: या बातमीत आधी हॅन्सन मिल्सच्या कोरीन वेलेट (३४) यांचे नाव होते. पतीपासून त्यांच्या जिवाला धोका असल्यामुळे ते वगळले आहे.'